विरळ सावली

पुष्पराणीच्या बोटात सुई गेली ती भवानीमुळे, आणि भवानीला हे कळायला थोडा वेळ लागला. दुकानात दोघीच होत्या. बाहेर आडी या तमिळ महिन्याची गर्दी, कापडवाल्यांच्या सवलतींच्या आरोळ्या, आणि आत मशीनची घरघर. भवानी स्टुलावर बसून ब्लाउजच्या बाहीची शेवटची शिवण पडायची वाट बघत होती, आणि वाट बघताना तिला सवयच होती तशी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. मशीन एकदम थांबलं. पुष्पराणीने उजव्या हाताने चाक उलटं फिरवलं, डाव्या हाताचं बोट सुईखालून सोडवून घेतलं आणि तोंडात धरलं. ओरडली नाही. थोड्या वेळाने बोट बाहेर काढून त्याकडे बघत म्हणाली, "अक्का, हे तुम्हाला कुठून आलं?"

"काय?"

"आत्ता म्हणत होतात ते."

"ते होय? मैत्रीपाठ तो, पाली भाषेतला. सगळ्या जिवांचं भलं होवो, असा अर्थ. आम्ही रविवारी ध्यानाला बसतो ना, तेव्हा शेवटी म्हणतो." भवानी हे शाळेतल्या बाईंच्या सुरात म्हणाली. जन्मभर पापनाशम्‌च्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवलेला. अर्थ सांगायची संधी तिच्याकडून सुटत नसे.

"अर्थ मला माहीत नव्हता," पुष्पराणी म्हणाली. "आवाज माहीत होता." मग चिंधी शोधून तिने बोटाला गुंडाळली आणि दाताने गाठ मारली. तिचं गाव समुद्राच्या पलीकडे, श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर. तिथे लष्कराचा तळ पडला तेव्हा ती विशीतली होती. तळाच्या तोंडाशी सैनिकांनी बुद्धाची मूर्ती बसवली आणि रोज पहाटे कर्ण्यावर हेच लागायचं, गावाला जागं करत. "तुमचा बुद्ध आमच्या गावात लष्कराच्या ट्रकमधून उतरला, अक्का." एखादा पाहुणा कुठल्या बसने आला हे सांगावं तसं ती बोलत होती. तिच्या मोठ्या भावाला चौकशीला नेलं, तेही पहाटेच. ज्याने त्याचा दंड धरला होता त्याच्या मनगटाला पांढरा दोरा होता, भिक्खूंनी मंत्रून बांधलेला. कर्णा चालूच होता. भाऊ परत आला नाही. दुसऱ्या वर्षी ती होडीतून इकडे आली. इथे लग्न झालं, मुलं झाली, चोळपुरम्‌ला भाड्याचं घर, आणि इथे गावात ही शिवणाची खोली. मुलं याच गावाच्या सरकारी दवाखान्यात जन्मली तरी कागदोपत्री तीही पलीकडचीच.

भवानीच्या पायाशी एक पिशवी होती. तिने ती पायाने हळूच मागे सारली.

"तेही शिवायचंय ना?"

"ते राहू दे."

"कशाचं आहे?"

खोटं बोलायला वेळ होता, पण भवानीला सुचलं नाही. "बुद्धाची नवी मूर्ती येतेय. पंधरा ऑगस्टला नव्या वसाहतीच्या बागेत बसवणार. अनावरणाआधी तिच्यावर घालायचं कापड."

पुष्पराणीने हात पुढे केला. "द्या. कापडच आहे." तिथल्या तिथे, चिंधी बांधलेलं बोट वर धरून, तिने त्या काषाय कापडाला चारी बाजूंनी दुमड घातली. भवानीला उठून जाता येईना आणि बसवेना.

घरी चालत येताना तिला आपल्या पायांचा राग आला, ते नेहमीच्या रस्त्याने नेहमीसारखे पडत होते म्हणून. मेट्टूर धरणाचं पाणी सुटून पंधरवडा झाला होता, कावेरी काठाला लागून गढूळ वाहत होती, पायऱ्यांवर बायका पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. पितळेच्या दिव्यांच्या दुकानांतून ठोकाठोकी चालली होती. सगळं जागच्या जागी होतं आणि तिच्या आत काहीतरी घसरलं होतं. नवरा, गोपालकृष्ण, गेल्यावर हे ध्यान तिने धरलं होतं ते एखादी स्वच्छ खोली सापडावी तसं. तिथे कुणाचं रक्त सांडलेलं नव्हतं. इतिहास शिकवून शिकवून तिला सांडलेल्या रक्ताचा वीट आला होता. कोणता राजा कोणावर चालून गेला, कोणत्या साली; मुली पाठ करत, विसरत. बुद्धाबद्दल ती वर्गात म्हणायची, हा एकच असा की ज्याने काही जिंकलं नाही. आणि आता त्या स्वच्छ खोलीत पहाटेचा कर्णा वाजत होता, आणि एक दोरा बांधलेला हात कुणाचा तरी दंड धरत होता. तिने आयुष्यात पहिल्यांदाच ते पठण थांबवायचा प्रयत्न केला. ते थांबेना. जीभ आपली आपण चालू राहिली, लहानपणीच्या पाढ्यांसारखी.

देश या शब्दाशी तिचं तसं जुनंच भांडण होतं. तिचे वडील, अप्पा, देश म्हणायचे ते महाराष्ट्राला. तंजावरच्या दरबारात त्यांच्या पणजोबांच्या वडिलांनी कसलीशी कारकुनी केली होती; त्याआधीचं कुणी घोड्यावरून आलं होतं, साडेतीनशे वर्षांपूर्वी. अप्पांनी तो देश कधी पाहिला नव्हता. तमिळ शेजाऱ्यांशी तमिळ बोलत, उंबरा ओलांडून आत आले की मराठीत शिरत, आणि संध्याकाळी कॉफीचा टंबलर हातात धरून म्हणत, "आपलें देशीं ऐसें नाहीं." ऐसें म्हणजे कसं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. कावेरीच्या काठी जन्मून, कावेरीचं पाणी पिऊन, तिच्याच काठी जळलेला माणूस आयुष्यभर दुसऱ्या एका नदीसाठी झुरला. भवानीनेही ते झुरणं उचललं होतं. मग लग्नानंतर गोपालकृष्णांबरोबर ती पुण्याला गेली, आणि मिठाईच्या दुकानात म्हणाली, "मज अर्धा शेर पेढे पाहिजेत." काउंटरवरची मुलगी हसली. वाईट नव्हती ती. तिने आतल्या दोघींना बोलावलं, "ऐका ना, किती गोड बोलतात ह्या. परत बोला ना, काकू." आणि भवानी परत बोलली. तीच ओळ. तिसऱ्यांदाही बोलली. नाटकातलं पात्र विंगेतून बाहेर यावं तसं तिला वाटत होतं. स्टेशनवर गोपालकृष्ण म्हणाले, "रडतीस कशास?" आज तिला वाटलं, ते रडणं नव्हतंच. त्या देशाला धरून ठेवलेली मूठ सुटली होती, आणि सुटलेला हात दुखत होता, एवढंच.

पण मूठ रिकामी कुठे राहते. नंतरची कित्येक वर्षं पापनाशम्‌च्या शाळेत पंधरा ऑगस्टला प्रतिज्ञा तीच म्हणायची, मुली तिच्यामागून. उन्हात रांगा धरून उभ्या असलेल्या मुली, तेलाने चापून बसवलेल्या वेण्या, आणि तिचा आवाज. त्या आवाजाने तिच्या स्वतःच्याच अंगावर काटा यायचा. तो काटा तिला आवडायचा. तो खोटा नव्हता, हेच कठीण होतं. आणि एकदा, निवृत्त झाल्यावर, आडुतुरैच्या पुढे एका खेड्यात तिने शेताच्या बांधावर बसलेला दगडी बुद्ध पाहिला होता. चोळांच्या काळातला असावा, नाक झिजलेलं, मांडीवर पणतीचं तेल सांडून काळं झालेलं. शेतातल्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, आमचा मुनी आहे, गाय आटली की याला दिवा लावतो. बुद्ध हे नाव तिला ठाऊक नव्हतं. भवानी कितीतरी वेळ बांधावर बसून राहिली होती. ज्याचं नावसुद्धा उरलं नाही, तो किती निवांत बसला होता.

त्यागराज दुसऱ्या दिवशी सकाळी आले, नेहमीप्रमाणे चपला बाहेर नीट जोडून ठेवून. ते गोपालकृष्णांचे चुलतभाऊ, निवृत्त इंजिनिअर, भवानीचे दीर. गोपालकृष्ण गेले तेव्हा इस्पितळापासून स्मशानापर्यंत सगळं त्यांनीच निभावलं होतं, आणि रविवारचं ध्यानमंडळही त्यांनीच उभं केलं, आधी रक्तदाबासाठी, मग हळूहळू बुद्धासाठी. त्यांचा मुलगा हरिप्रसाद सैन्यात होता, लडाखला. भवानीने कॉफी दिली. त्यांनी खिशातून एक कागद काढून तिच्यापुढे ठेवला.

"वहिनी, हें तुम्हीं वाचावें. अनावरणास. आधीं झेंडा, मग हें, मग मैत्रीपाठ. तुमचा आवाज बहुत चांगला."

भवानीने वाचलं. चांगल्या तमिळमध्ये लिहिलेली प्रतिज्ञा होती. ही बुद्धाची भूमी आहे, आम्ही तिचे आहोत. तिच्या रक्षणासाठी देह ठेवू. तिच्या शत्रूंचा निःपात होवो, त्यांना कुठे आसरा न मिळो. शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं. अक्षर त्यागराजांचंच होतं, सरळ, रेघ न सोडणारं.

"मज हें वाचवणार नाहीं, भावजी."

"तुम्हीं शाळेंत वर्षानुवर्षें प्रतिज्ञा म्हटली."

"म्हटली. तींत कोणाचा निःपात नव्हता."

त्यागराज हसले. ते तिला आवडायचे, ते हसतानाही आवडले. "बुद्धासही आपला देश होता, वहिनी. विसरलां काय?" आणि त्यांनी ती गोष्ट सांगायला घेतली, जी भवानीनेच त्यांना कधीतरी सांगितली होती. शाक्यांवर शेजारचा राजा सैन्य घेऊन निघाला. सीमेवर दोन झाडं होती. राजाच्या बाजूला दाट वड, शाक्यांच्या बाजूला पानं झडलेलं, विरळ सावलीचं झाड. बुद्ध जाऊन त्या विरळ सावलीत, उन्हात बसला. राजा म्हणाला, भगवन्, इकडे वडाखाली या, तिथे ऊन आहे. तर बुद्ध म्हणाला, आपल्या माणसांची सावली थंड असते. राजा शरमला, सैन्य घेऊन परत गेला. "आपल्या माणसांची सावली," त्यागराज म्हणाले. "हें देशप्रेम नव्हे तर काय?"

"तो तिथें बसला, भावजी. उठून मारावयास गेला नाहीं. राजास शत्रू म्हणाला नाहीं. त्याशींच बोलत होता."

"राजा ऐकणारा होता म्हणून. लडाखला समोर आहेत ते ऐकणारे नव्हेत." त्यांनी टंबलर खाली ठेवला. "माझा हरि तिथें बर्फांत उभा आहे."

हे भवानीला ठाऊक होतं. रोज ठाऊक होतं. "हरिसाठीं मी रोज मैत्री करतें. त्याचे समोर उभा आहे त्याचेसाठींही करतें."

"एकाच श्वासांत?"

"एकाच."

त्यागराज अगदी हळू म्हणाले, "मग तें हरिसाठीं नव्हे, वहिनी." आणि त्या क्षणी भवानीला वाटलं की आपण हरलो. कारण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती, बापाची, आणि त्या भीतीपुढे सगळ्या जिवांचं भलं ही एक हवेतली गोष्ट होती. ती कागद उचलणारसुद्धा होती. वाचून टाकू, चार ओळी तर आहेत. तेवढ्यात त्यागराज उठता उठता म्हणाले, "आणि कापड त्या सिलोनवालीनें शिवलें म्हणे. बरें केलें. पण तीस त्या दिवशीं बोलावूं नका. परदेशी मनुष्य. व्हिडिओ निघणार, उगीच तिलाच त्रास."

तिला बोलवायचं भवानीच्या मनातही नव्हतं. पण त्यांनी दारात जोडलेल्या चपला पायात सरकवल्या तसा तिने तो कागद घडी न करता परत त्यांच्या हातात दिला. "वाचणार नाहीं," ती म्हणाली. "आणि तीस बोलावणार." आवाज मोठा निघाला. समोरच्या घरातल्या बाईने वळून बघितलं.

दुकानात पुष्पराणी कापड कापत होती तेव्हा भवानीने तिला ती विरळ सावलीची गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे. बहुधा बुद्धाची बाजू मांडायची होती. कर्ण्यावरचा तो नव्हे, हा. पुष्पराणीने कात्री न थांबवता ऐकलं. "मग?" ती म्हणाली.

"मग काय?"

"राजा परत आला असेल ना. राजे परत येतात."

भवानीने ही पुढची गोष्ट त्यागराजांपुढे गिळली होती. "आला. तीनदा आला. तीनदा बुद्ध जाऊन बसला, तीनदा तो परत फिरला. चौथ्यांदा आला तेव्हा बुद्ध गेला नाही. शाक्य मारले गेले. बायका, पोरं, सगळे."

कात्री थांबली. "का नाही गेला?"

"म्हणतात, शाक्यांनी पूर्वी नदीत विष टाकलं होतं, त्याचं फळ टळणारं नव्हतं. कर्म."

"पोरांनी टाकलं होतं?"

भिक्षूंनी त्याला उत्तर जोडून दिलं होतं, ते पोकळ होतं, हे ती गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हाच भवानीला जाणवलं होतं आणि तिने त्यावर पांघरूण घातलं होतं. पुष्पराणी कापडाचे तुकडे गोळा करत म्हणाली, "मला त्याने चौथ्यांदा यायला हवं होतं, अक्का. परत फिरवता नसतं आलं तरी. नुसतं बसायला." मग अनावरणाचं विचारल्यावर म्हणाली, "मी कशाला येऊ?"

पण ती आली. बागेचं कुंपण तारेचं होतं, त्याच्या बाहेर, कडुलिंबाखाली उभी राहिली, साधी सुती साडी नेसून, जणू बसची वाट बघतेय. भवानीने हाताने आत ये अशी खूण केली. तिने मान हलवली. आत खुर्च्या मांडलेल्या होत्या, वसाहतीतली माणसं मुलाबाळांसह आली होती, कागदी झेंडे, बुंदीचे लाडू, सगळं कुठल्याही पंधरा ऑगस्टसारखं. झेंडा वर गेला. राष्ट्रगीत झालं. भवानी उभी राहिली आणि सगळ्यांबरोबर म्हणाली, आणि तिच्या अंगावर तोच जुना काटा आला, आणि तिने तो येऊ दिला. ही माणसं तिची होती. ही धूळ, ही तमिळ, हा कडुलिंब. यातलं काही नाकारायला ती आलेली नव्हती. त्यागराजांनी दोरी ओढली, कापड सरकलं, काळ्या ग्रॅनाइटचा नवा कोरा बुद्ध उन्हात चमकला, नाक अगदी धारदार. टाळ्या. मग त्यागराजांनी माइकवर प्रतिज्ञा स्वतःच सांगायला सुरुवात केली, आणि लोक मागून म्हणू लागले. भवानी मूर्तीशेजारी उभी होती. आमचा देह. आमची भूमी. तिच्या मनात आलं, आता हे संपेल, मग मी मैत्रीपाठ म्हणेन, आणि दोन्ही एकापुढे एक ठेवलेली फळं असावीत तसं सगळं छान दिसेल. तिच्या आवाजाने त्या शेवटच्या वाक्यावर मध लागेल. भिक्खू दोरा बांधतो तो असाच.

"तिच्या शत्रूंचा निःपात होवो," त्यागराज म्हणाले.

"नाही," भवानी म्हणाली.

माइक तिच्यापासून दोन हातांवर होता, तरी शब्द त्यात गेला. लोक मध्येच थांबले. त्यागराजांनी वळून पाहिलं. ती तमिळमध्ये बोलली, शाळेतल्या मैदानावर बोलायची तसं, मागच्या रांगेपर्यंत पोहोचेल असं. "हे याच्यासमोर म्हणू नका. दुसरीकडे कुठेही म्हणा. हा माणूस कुणाचा नाश मागत नव्हता. आपल्या लोकांवर सैन्य आलं तेव्हाही नाही. त्याला आपला म्हणायचं असेल तर त्याचं ऐकावं लागेल, आणि ऐकायचं नसेल तर त्याला त्या शेताच्या बांधावर राहू द्या, तिथे त्याला कुणी काही म्हणायला लावत नाही. माझं या मातीवर प्रेम आहे. माझी माणसं इथे जळली. पण प्रेम आहे म्हणून मी कुणाचा आसरा काढून घ्या असं म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका."

कुणीतरी माइक बंद केला. मागून एक तरुण ओरडला, "मग पाकिस्तानात जा, अम्मा." दोघेतिघे हसले. त्यागराज तिच्याजवळ येऊन दातांवर दात ठेवून घरच्या मराठीत म्हणाले, "उगी राहा, वहिनी. हरिचें नांव घेऊन सांगतों, उगी राहा." ती उगी राहिली नाही. तिने पाली पाठ म्हणायला सुरुवात केली, माइकशिवाय, आणि त्यागराजांनी खुणेने देशभक्तीची गाणी लावायला सांगितली, आणि गाण्यांच्या दणदणाटात तिला स्वतःचाही आवाज ऐकू येईना. तरी तिने शेवटपर्यंत म्हटलं. संपवून तिने कुंपणाकडे पाहिलं. कडुलिंबाखाली कुणी नव्हतं.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावभर झाला होता. चेन्नईहून मोठ्या भावाचा, व्यंकटरमणचा, फोन आला. "काय केलेंस गे हें? आपलें घराणें दरबारचें. लोक देशद्रोही म्हणताहेत."

"कोणत्या देशाशीं द्रोह केला, अण्णा? अप्पा रडत होते त्या? कीं आपण चालून आलों त्या?"

"वेडी झालीस तूं." फोन बंद. भवानी हसली, एकटीच, स्वयंपाकघरात. कितीतरी वर्षांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. त्या हलकेपणात ती दोन दिवस राहिली. कॉफी करताना, झाडांना पाणी घालताना ते भाषण मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, एकदोन शब्द सुधारून.

तिसऱ्या दिवशी दुकानात गेली तर पुष्पराणीने स्टूल पुढे केलं नाही. "बोललात तुम्ही," ती म्हणाली, "आणि चौकशी माझी." कुणीतरी तक्रार केली होती की सिलोनची बाई कार्यक्रमात होती, तिच्या चिथावणीने हे झालं. पोलीस शिपाई येऊन गेला होता. कागद घेऊन दुपारी स्टेशनला यायला सांगून गेला होता. एरवीही निर्वासित म्हणून तिला ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, तीत आता ही भर. "माझ्या मुलांना इथलं होऊ द्यावं असा अर्ज आम्ही केलाय. तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही विचारलंच नव्हतं." ती ओरडत नव्हती. "माझ्यासाठी बोललात असं कुणाला सांगू नका, अक्का."

भवानीच्या आतला तो हलकेपणा जागच्या जागी गोठला. तिला दिसलं की त्या भाषणालासुद्धा तिने मुठीत धरलं होतं. माझा नकार. माझं धैर्य. देश सोडला आणि त्या जागी हे धरलं. ती म्हणाली, "मी येते."

"कुठे?"

"स्टेशनला."

"नको."

"मी येते," भवानी म्हणाली, आणि तिच्या आवाजात परवाचं भाषण नव्हतं, नुसता हट्ट होता.

स्टेशनवर दोघी बाकावर शेजारी बसल्या. पंखा फिरत होता, वाऱ्याने भिंतीवरचं कॅलेंडर वाजत होतं. सब-इन्स्पेक्टर बाई होती, तरुण, सभ्य; तिच्याकडे तक्रार आली होती आणि तिला ती निकालात काढायची होती. तिने पुष्पराणीला विचारलं, तू काही घोषणा दिलीस का, कुणी बोलावलं होतं, कुणाशी फोनवर बोललीस. प्रत्येक प्रश्नाला पुष्पराणीने दोन शब्दांत उत्तर दिलं, नजर टेबलाच्या कडेवर. भवानी म्हणाली, "बोलावलं मी. बोलले मी. लिहून घ्या."

बाई तिच्याकडे बघून किंचित हसली. "तुम्हाला कोण विचारतंय, अम्मा? तुम्ही इथल्याच."

भवानीला आपलं घराणं आठवलं. घोडे, तलवारी, न विचारता ओलांडलेल्या नद्या. आणि साडेतीनशे वर्षांत एकदाही कुणी तिच्या घरातल्या माणसाला या बाकावर बसवलं नव्हतं. शेजारी बसलेली ही, होडीतून जीव मुठीत धरून आलेली, रोज या गावाचे कपडे शिवणारी, तिची मुलं इथल्याच रस्त्यांवरून तमिळ गाणी गात शाळेत जाणारी. "आम्हीही बाहेरूनच आलो," भवानी म्हणाली. "आम्ही तर लढाई करून आलो. आम्हाला कुणी कागद मागितले नाहीत. हिची चौकशी आहे तर माझीही लिहा. मी हिच्याआधी उठणार नाही."

"तुम्ही हिच्या कोण?"

भवानीने पुष्पराणीकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं. पुष्पराणीने तिच्याकडे पाहिलं नाही. पण बोलली तीच, टेबलाच्या कडेकडे बघत, "अक्का आहेत." सब-इन्स्पेक्टरने दोघींचंही लिहून घेतलं, दोघींच्या सह्या घेतल्या, आणि तक्रारीत काही नाही असं सांगून जायला सांगितलं. पुढच्या हजेरीला भवानी पुन्हा गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. बाकावर बसली, पुष्पराणीबरोबरच उठली, आणि वाटेत म्हणाली, रविवारी घरी ये, ध्यानाला बसायला शिकवते.

ध्यानमंडळाने तिला काढलं असं कुणी म्हटलं नाही. जागा बदलली आणि तिला कळवलं नाही, एवढंच. त्यागराजांना तिने निरोप पाठवला, हरि कसा आहे म्हणून. उत्तर आलं नाही. तिने रोजची मैत्री थांबवली नाही, त्याच्यासाठीही आणि त्याच्यासमोरच्यासाठीही, एकाच श्वासात. ते हरिसाठी आहे की नाही याचा वाद तिने आता सोडून दिला होता. रविवारी सकाळी तिने पुढची खोली झाडली, दोन सतरंज्या अंथरल्या आणि रस्त्याकडचं दार उघडलं. समोरच्या बाईने आपलं दार लावून घेतलं. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं. भवानी बसायच्या बेतात होती तेव्हा पुष्पराणी दारात आली, हातात बाजाराची पिशवी, कपाळावर घाम.

"शिकवता म्हणालात ते बसायला."

"ये."

ती आत आली, पण भवानीच्या समोर बसली नाही. सतरंजी फिरवून तिने दाराकडे तोंड केलं, रस्ता दिसेल असं, आणि मांडी घातली.

"एक सांगून ठेवते, अक्का. मी डोळे मिटणार नाही."

"नको मिटू."

भवानीने आपली सतरंजी ओढून तिच्याशेजारी लावली आणि तीही दाराकडे तोंड करून बसली. रस्त्यावरून दूधवाला गेला, एक म्हातारा थांबून आत बघत राहिला आणि निघून गेला. मग त्यागराजांची स्कूटर आली. दारासमोर तिचा वेग कमी झाला. त्यागराजांनी आत पाहिलं. दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि पाहत राहिल्या.